अंदाजपत्रक आणि गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव मराठी वाचकाला बहुधा तीन नात्यांनी परिचित असते : न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य, लोकमान्य टिळकांचे प्रतिपक्षी आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू. या तिन्ही ओळखी यथार्थ आहेत. तथापि तिन्ही दुसऱ्या कोणाच्या तरी संबंधाने झालेल्या आहेत. गोखल्यांचे स्वतःचे म्हणून जे कार्य होते, ज्यापायी त्यांनी आयुष्याची अखेरची तेरा-चौदा वर्षे झिजविली, ते म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या वार्षिक जमाखर्चाची रयतेच्या वतीने केलेली तपासणी. ही तपासणी त्यांनी ज्या सभागृहात केली, त्या सभागृहाला सरकारी खर्चातील एक रुपयादेखील नामंजूर करण्याचा अधिकार नव्हता. मताचा अधिकार नसताना केवळ युक्तिवादाने काय साधते आणि काय साधत नाही, या प्रश्नाचे उत्तर गोखल्यांच्या चरित्राइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच सापडेल.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ मध्ये ते वारले आणि संसाराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली. पंधरा रुपयांच्या मासिक वेतनातून आठ रुपये ते गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. पैशाचा हिशेब म्हणजे कोणाच्या तरी पोटाला बसलेल्या चिमट्याचा हिशेब असतो, ही जाणीव गोखल्यांना अर्थशास्त्राच्या ग्रंथांपूर्वी घरातच झाली असल्यास नवल नाही. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद आणि फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक असा त्यांचा क्रम राहिला. इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय त्यांनी शिकविले. शाळांसाठी त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक दीर्घकाळ चालले.

त्यांच्या सार्वजनिक शिक्षणाचे श्रेय दोघांकडे जाते. रानड्यांनी त्यांना पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या कामाला जुंपले. सरकारी अहवाल मुळातून वाचावे, त्यातील आकडे टिपून घ्यावे, एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहावा आणि मगच अर्जाचा मसुदा लिहावा, अशी ती शिस्त होती. मसुदा पुनःपुन्हा लिहावा लागे. दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका या नावाने प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते वेगळे. हे जोशी पेशाने मुख्याध्यापक होते, आणि हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयीचे त्यांचे ज्ञान त्या काळी अद्वितीय समजले जाई. गोखल्यांच्या अंदाजपत्रकीय भाषणांच्या सिद्धतेत जोशींचा वाटा मोठा होता. पडद्याआड राहिलेल्या या शिक्षकाचे ऋण लक्षात घेतल्याशिवाय गोखल्यांच्या भाषणांचा विचार पुरा होत नाही.

१८९७ हे वर्ष गोखल्यांना एकाच वेळी कीर्ती आणि अपकीर्ती देऊन गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी दिलेली ती साक्ष तज्ज्ञांच्या प्रशंसेस पात्र ठरली. तीतील एक मागणी पुढील सर्व कार्याचे बीज होय : सरकारी बहुमत कायम राहिले तरी हरकत नाही, परंतु अंदाजपत्रकातील बाबींवर सभासदांना मत नोंदविता आले पाहिजे. याच मुक्कामात पुण्यातील प्लेग-बंदोबस्ताच्या वेळी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्रजी पत्रांत एक गंभीर आरोप प्रसिद्ध केला. परत आल्यावर पुरावा पुढे करता येईना, पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येईनात. तेव्हा त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. देशात त्यांची निर्भर्त्सना झाली. हा घाव त्यांच्या मनावर कायम राहिला. यानंतर सिद्ध करता येणार नाही असे विधान करावयाचे नाही, हा त्यांचा दंडक झाला. सरकारवरील टीकेसाठी ते सरकारचेच आकडे वापरीत, त्याचे मूळ काही अंशी येथे असावे.

त्यांच्या पुढील कार्याचा अर्थ कळण्यासाठी तत्कालीन व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये राजाने लोकसभेच्या संमतीविना कर बसवू नये हे तत्त्व १६८९ मध्ये कायमचे प्रस्थापित झाले, आणि खर्चाची मंजुरी दर वर्षी नव्याने मागावी ही प्रथा दृढ झाली. मंजुरी वार्षिक असण्यातच तिचे बळ आहे. वर्ष संपले की सरकारचा हात रिकामा होतो आणि त्याला पुन्हा प्रतिनिधींच्या दारी यावे लागते. पैसा देण्यापूर्वी गाऱ्हाणे ऐकविण्याची संधी प्रतिनिधींना मिळते. मात्र ज्या पार्लमेंटने हे तत्त्व घडविले, त्याच पार्लमेंटने १८५८ च्या कायद्याने हिंदुस्थानचा महसूल भारतमंत्री व त्यांचे मंडळ यांच्या स्वाधीन केला. हिंदुस्थानच्या खर्चावर ब्रिटिश लोकसभा मत देत नसे. सरहद्दीपलीकडील युद्धाच्या खर्चापुरतीच तिची संमती आवश्यक होती. भारतमंत्र्यांचे वेतनसुद्धा हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिले जाई. ते ब्रिटिश तिजोरीतून दिले गेले असते, तर निदान त्या वेतनात कपात सुचविण्याच्या निमित्ताने दर वर्षी लोकसभेत हिंदुस्थानचा प्रश्न निघाला असता. हिंदुस्थानच्या हिशेबावरील तेथील चर्चा अधिवेशनाच्या शेवटी, विरळ उपस्थितीत उरकली जात असे.

खुद्द हिंदुस्थानातील स्थिती याहून बरी नव्हती. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिले अंदाजपत्रक मांडले. तथापि १८६१ च्या कायद्याने विधिमंडळाचे काम केवळ कायदे करण्यापुरते मर्यादित केले. नवा कर बसवावयाचा असेल तरच आर्थिक विषय सभेपुढे येई. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. परंतु ठराव मांडता येत नसे, दुरुस्ती सुचविता येत नसे, मतविभागणी मागता येत नसे. अर्थमंत्री मार्चमध्ये आर्थिक निवेदन सादर करीत, काही दिवसांनी सभासद आपापली भाषणे करीत, आणि १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होई. सारे निर्णय आधीच झालेले असत.

१८९९ मध्ये गोखले मुंबई विधिमंडळात निवडून आले. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक रयतेला घातक ठरेल म्हणून फेरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग करणाऱ्यांत ते होते. मेहतांनी प्रकृतीच्या कारणाने वरिष्ठ विधिमंडळातील जागा सोडल्यावर मुंबईच्या बिनसरकारी सभासदांनी गोखल्यांना कलकत्त्यास पाठविले. रानडे त्याच वर्षाच्या जानेवारीत निवर्तले होते.

२६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी सरत्या वर्षात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती, आणि तिच्याबद्दल त्यांचे अभिनंदन चालू होते. गोखल्यांनी या अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : सरकार व्यापारी नव्हे, त्याच्या तिजोरीतील शिल्लक हा नफा नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा आहे. रुपयाचा भाव पौंडाच्या तुलनेत घसरत होता, त्या काळात विलायतेस करावयाच्या भरण्याला अधिक रुपये लागत. ती तूट भरून काढण्यासाठी १८८६ मध्ये प्राप्तीकर बसला आणि १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. १८९३ मध्ये टाकसाळी खाजगी रुप्यासाठी बंद करण्यात आल्या, रुपयाचा भाव पुढे सोळा पेन्सांवर स्थिर झाला, आणि तुटीचे कारण नाहीसे झाले. कर मात्र तसेच राहिले. कारण गेले असता कर ठेवणे अन्यायाचे आहे, आणि त्यातून दिसणारी शिल्लक देशाच्या भरभराटीचा आभास निर्माण करते हा दुसरा अन्याय आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

हा आभास किती क्रूर होता, हे त्या वर्षांच्या शिरगणतीवरून कळते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मुंबई इलाखा व मध्यप्रांत होरपळून निघाले होते. मध्यप्रांताची लोकसंख्या १८९१ च्या तुलनेत १९०१ मध्ये घटली. नर्मदेच्या खोऱ्यातील सुपीक म्हणून गणल्या जाणाऱ्या जबलपूर जिल्ह्यातही माणसे कमी भरली. ज्या वर्षांत माणसे कमी झाली, त्याच वर्षांत तिजोरीत शिल्लक वाढली. गोखल्यांनी हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले.

भाषण संपले, सभा उठली, आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे अमलात आले. मताचा प्रश्नच नव्हता. परंतु पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तीकराची माफीची मर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून हजार रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. या सवलती केवळ गोखल्यांच्या भाषणांमुळे मिळाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सतत वाढणारी शिल्लक सरकारलाही अडचणीची झाली होती. तथापि सरकारने जे केले, ते गोखल्यांनी मागितलेल्या दिशेने केले, आणि त्यांच्या मांडणीला उत्तर देणे अर्थखात्याला टाळता येईनासे झाले, हे निर्विवाद आहे. प्रत्येक हिवाळ्यात ते कलकत्त्यास जात आणि जवळजवळ प्रत्येक अंदाजपत्रकावर बोलत. लष्करी खर्चाची वाढ, रेल्वेला पाटबंधाऱ्यांपेक्षा मिळणारे झुकते माप, वरिष्ठ नोकऱ्यांतून हिंदी माणसांना वगळल्यामुळे वाढणारा खर्च, देशी कापडावरील उत्पादन-कर आणि प्राथमिक शिक्षणाची उपासमार हे त्यांचे नित्याचे विषय होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या भाषणांकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. ती इंग्रजीत आहेत आणि वक्तृत्वाच्या रूढ अलंकारांपासून दूर आहेत. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या वाणीतील ओघ त्यांत नाही. विधान, आकडा, तुलना आणि निष्कर्ष या क्रमाने ती पुढे सरकतात. विरोधकाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडतात आणि मग खोडतात. भावना असते, पण ती आकड्यांच्या मागून येते. सार्वजनिक सभेच्या अर्जांतून घडत आलेली पुण्याची एक वादपद्धती येथे परिणत झालेली दिसते. न. र. फाटक यांनी मराठीत लिहिलेल्या गोखले-चरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, ही गोष्टही या विषयाला मराठी वाङ्मयात मिळालेल्या स्थानाची द्योतक आहे.

गोखल्यांच्या मार्गावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. जे सरकार मत मागत नाही, त्याच्यापुढे पुरावे मांडून काय उपयोग, हा टिळकपक्षाचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. सरकारने ऐकले ते आपल्या सोयीच्या वेळी ऐकले. लष्करी खर्चाच्या बाबतीत तर फारसे ऐकलेच नाही. १९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याचा व मतविभागणी मागण्याचा अधिकार दिला. ही प्रगतीच होती. वेल्बी आयोगापुढील मागणी बारा वर्षांनी अंशतः पुरी झाली. परंतु लष्करासह कित्येक बाबी ठरावांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या, मंजूर झालेला ठराव केवळ शिफारस ठरे, आणि वरिष्ठ विधिमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत राखण्यात आले.

या बहुमताचा कस १९१२ मध्ये लागला. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते अतिशय सावध होते. ज्या क्षेत्रात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, तेथील स्थानिक संस्थेने इच्छा दाखविली तरच सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे, आणि खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्याची रचना होती. विरोधाला अनेक कारणे पुढे करण्यात आली. पण मुळाशी पैशाचा प्रश्न होता. दर वर्षी वाढत जाणारा हा खर्च सरकारला बांधून घ्यावयाचा नव्हता. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. पराभव होणार हे गोखल्यांना ठाऊक होते. दहा वर्षे त्यांनी शिल्लक शाळांवर खर्च करण्याचा आग्रह धरला, तो आता मतांच्या मोजणीत उघडपणे हरला. गाऱ्हाणे ऐकविण्याचा अधिकार आणि पैसा अडविण्याचा अधिकार यांतील अंतर या आकड्यांइतके नेमके कोणत्याच भाषणाने दाखविले नव्हते.

त्यांची प्रकृती मधुमेहाने खालावत होती. तरीही १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले आणि सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे काम त्यांनी शेवटपर्यंत केले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, स्वतः १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या निवासात, एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या सूचनेवरून त्यांनी भावी सुधारणांचा एक आराखडा लिहिला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रांतिक विधिमंडळात लोकनियुक्तांचे मोठे बहुमत असावे, करांतील फेरबदलाला त्याची संमती लागावी, आणि अंदाजपत्रकावरील त्याचे ठराव गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला नाही तर अमलात यावेत, असे त्यात सुचविले होते. अखेरच्या दुखण्यातही त्यांचे लक्ष याच कलमावर होते.

पुढील वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली. १९१९ च्या कायद्यानुसार १९२१ पासून खर्चाच्या काही मागण्या केंद्रीय विधानसभेपुढे मतास येऊ लागल्या आणि भारतमंत्र्यांचे वेतन ब्रिटिश तिजोरीवर गेले. १९२४ मध्ये स्वराज्य पक्षाने सभेकडून काही मागण्या नामंजूर करविल्या, तेव्हा व्हाइसरॉयांनी आपल्या विशेषाधिकाराने त्या पुन्हा दाखल केल्या. पूर्ण अधिकार २६ जानेवारी १९५० रोजी आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ नुसार दर वर्षी संसदेपुढे जमाखर्चाचे विवरणपत्र ठेवावे लागते. अनुच्छेद ११३ नुसार लोकसभा अनुदानाच्या मागण्या मंजूर करते, कमी करते वा फेटाळते. आणि अनुच्छेद ११४ नुसार विनियोजनाचा कायदा झाल्याखेरीज एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. चर्चा लांबली तर लेखानुदानाची सोय आहे. राष्ट्रपतींचे वेतन, कर्जावरील व्याज आदी भारित खर्चावर मत घेतले जात नाही, पण चर्चा करता येते. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पीय पुस्तकांत दत्तमत आणि भारित अशी दोन सदरे छापलेली असतात. गोखल्यांच्या काळी सारेच अंदाजपत्रक भारित होते, दत्तमत असे काहीच नव्हते.

आता मत आहे. १९५० मध्ये अंदाज समिती स्थापन झाली, आणि १९९३ पासून खात्यांशी संलग्न स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात. तथापि सभागृहातील वेळ अपुरा पडतो आणि ठरलेल्या दिवशी उरलेल्या मागण्या एकदम मतास टाकल्या जातात. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेने सर्वच मागण्या अशा रीतीने, सभागृहात चर्चा न होता, मंजूर केल्या. गोखल्यांना भाषणाचा अधिकार होता, मताचा नव्हता. या दोन वर्षी मत झाले, भाषण झाले नाही. वार्षिक मंजुरीच्या प्रथेमागील हेतू दोन्ही स्थितींत अपुरा राहतो, कारण मंजुरीपूर्वी खर्चाचे कारण विचारले जावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पैसा अडविता यावा, यासाठीच ती प्रथा निर्माण झाली. यांपैकी दुसरी गोष्ट गोखल्यांच्या हाती कधीच नव्हती. पहिली त्यांनी इतक्या कसोशीने केली की मिठाच्या प्रत्येक मणामागे रयतेला दीड रुपयाची सूट मिळेपर्यंतच्या प्रवासात त्यांची भाषणे सरकारला दर मार्चमध्ये ऐकून घ्यावी लागली.